परदेशी जाणाऱ्यानं काय न्यावं, ते मले विचारा

आमच्या हुडको कॉलनीत कोणाचा पोट्टा परदेशी निघाला, का त्याची आई त्याले माह्याकडे पाठवते. म्हणे, काकाले विचारून ये, त्याहिले सारं माहीत आहे. मी पण मग खुर्चीवर मांडी घालून बसतो अन् सांगतो. पायमोजे दोन जोड्या, एकावर एक घालायचे. कपड्याचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवायचा, कारण की पेटी कधी कधी भलत्याच गावाले जाते. जिथं मुक्काम आहे तिथला पत्ता तिथल्याच माणसाकडून, त्याच्याच भाषेत चिठ्ठीवर लिहून घ्यायचा, अन् ती चिठ्ठी बनियनच्या आत चोरखिशात ठेवायची. घरच्यांचा एक फोटो जवळ पाहिजे. रडाले नाही, दाखवाले. भाषा येत नसली तरी फोटो दाखवला का समोरचा माणूस आपला फोटो काढते, अन् अर्धा तास तसाच निघून जाते.

पोट्टे लिहून घेतात. जाता जाता एखादा विचारते, काका, तुम्ही कोणकोणत्या देशात जाऊन आले?

मी म्हणतो, जगन्नाथपुरी.

ते हासतात. त्याहिले वाटते, काका गंमत करून राहिले. पण हे खरं आहे. माह्या जिंदगीत मी सर्वात दूर गेलो ते पुरीले, अन् तिथंही चप्पल चोरीले गेली म्हणून दुसऱ्याच दिवशी परतलो. मग एवढे सल्ले माह्याकडे आले कुठून, ते सांगतो. मी सांगून राहिलो अन् माही पोट्टी लिहून राहिली. प्रत्येक पान झालं का मी तिच्याकडून मागून घेतो, स्वतः वाचतो, मग पुढचं सांगतो. ती वैतागते. वैतागू दे.

मी भिलाईच्या स्टील प्लांटात रिगर होतो. रिगरचं काम असं, का वीस टनाचं लोखंड वायररोपनं बांधायचं, अन् वर क्रेनमध्ये बसलेल्या माणसाले हातानं सांगायचं, उचल, थांब, डावीकडे घे, आता हळूच टेकव. तिथं एवढा आवाज असते का तोंडाचा काही उपयोग नाही. आन् माह्यासाठी ते बरंच होतं, कारण तोंडानं मी आयुष्यात एकही काम धड केलं नाही. फक्त लोकांले हासवलं. शाळेत मी चार दिवस गेलो असन. पण भरतीच्या वेळी बाबूनं विचारलं तर मी छाती काढून सांगतलं, चौथी पास. त्यानं लिहून घेतलं. त्या चौथी पासवर मी नोकरीत लागलो, त्याच्यावरच पुढं ग्रेड वाढला. सही तेवढी घोटून घोटून शिकलो होतो. सही एवढी झोकदार करायचो का साहेबाले वाटावं, याचं शिक्षण मधातच कावून सुटलं असन बिचाऱ्याचं.

हे एका माणसाले माहीत होतं. बायकोलेही पत्ता नाही, असं मले वाटायचं.

तो माहा शेजारी. सेक्टर सहामध्ये आमचे क्वार्टर लागून होते, मधात एवढीशी भिंत, का भाजीची वाटी इकडून तिकडे हात लांबवून देता यायची. आम्ही दोघंही गोंदियाकडचे, एकाच दिवशी एकाच गाडीतून आलो, एकाच गँगमध्ये लागलो. तो आठवीपर्यंत शिकलेला. सतरा वर्षं माहे डोळे तोच होता. गावाकडचं पत्र आलं, त्यानं वाचलं. पगाराची चिठ्ठी, रेशनचं कार्ड, नोटीस बोर्डवर लावलेला कागद, सारं त्यानं वाचलं. माही माय गेली ते पत्रही त्यानंच वाचलं. आधी मले खाटेवर बसवलं, माह्या बायकोले पाणी आणाले सांगतलं, अन् मग वाचलं. असा माणूस होता.

तर झालं असं, का आमच्या डिपार्टमेंटातून काही माणसं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगले रशियाले पाठवायची ठरली. नवीन तऱ्हेची क्रेन येणार होती. फिटर, इलेक्ट्रिशियन अन् रिगर फक्त दोन. त्या वेळी आमच्याकडे एक रशियन साहेब होता, लालबुंद, उन्हाळ्यात टरबुजासारखा दिसायचा. तो रोज माह्या मागं उभा राहून माहे हात पाहायचा. एक दिवस त्यानं फोरमनले माह्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. मले वाटलं, आता गेली नोकरी. पण फोरमन आला अन् म्हणे, तुहं नाव पहिलं आहे.

दुसरं नाव आमच्यातल्या सर्वात जुन्या रिगरचं होतं. अन् यातला कोणी गळला तर तिसरं, माह्या शेजाऱ्याचं.

त्या दिवशी मी सायकल चालवत घरी आलो का सायकल मले घेऊन आली, काही आठवत नाही. बायकोले सांगतलं तर ती म्हणे, तुमाले कोण बोलावते तिकडे. मी म्हटलं, टरबुजानं बोलावलं. ती दोन दिवस रागात होती, अन् तिसऱ्या दिवशी पाहिलं तर शेजारणीले सांगून राहिली होती, आमचे हे रशियाले जाऊन राहिले, लोणचं जास्त घालायचं आहे यंदा.

मग मी परदेशी जायची विद्या शिकाले निघालो. आमच्याकडे दोन-तीन जण आधी जाऊन आले होते. एक वेल्डर, एक चार्जमन, अन् एक मोठे साहेब, ज्यांच्या बंगल्यात कुत्र्यालेही पंखा होता. मी प्रत्येकाकडे गेलो. एकटा नाही. शेजारी संग होता, स्कूटर त्याची, अन् हातात चाळीस पानांची शाळेची कापी. मी विचारायचो, तो लिहायचा. वेल्डरनं सांगतलं, तिथले लोक पेला भरून समोर ठेवतात, त्यांच्या बरोबरीनं प्यायचं नाही, आधी लोण्याचा गोळा खाऊन घ्यायचा. चार्जमननं सांगतलं, शौचाले पाणी नसते, प्लास्टिकची बाटली न्यावी. तो हे सांगताना एवढा गंभीर झाला, का मले वाटलं ट्रेनिंगमध्ये तो तेवढंच शिकला. साहेबानं सांगतलं, कोणाच्या घरी जाताना फुलं न्यावी अन् फुलांची संख्या विषम पाहिजे, सम फुलं मयतीले. शेजाऱ्यानं हे सारं गोल गोल अक्षरात लिहिलं. कापी माह्याकडे राहायची. मले वाचता येत नव्हती, पण मी ती देवाजवळ ठेवली होती.

लोणच्याची बरणी कशी बांधायची हे मात्र मी कोणाले विचारलं नाही. तो माहा धंदा होता. वर चार बोटं तेल, मग मेण, मग फडकं, मग सुतळी, अन् सुतळीले तीच गाठ जी मी वीस टनाले मारतो.

तयारीत मी काही कमी केलं नाही. टेलरकडून घोंगड्यासारख्या जाड कपड्याचा कोट शिवून घेतला, अन् सवय पाहिजे म्हणून तो घालून दारापुढच्या लिंबाच्या झाडाखाली बसायचो. महिना मे. भिलाईचा मे. येणारेजाणारे सायकल थांबवून पाहायचे. एकानं विचारलं, ताप आहे का गा? मी म्हटलं, नाही, थंडीची प्रॅक्टिस करून राहिलो. वरणभात मी काट्यानं खायचो. भात चढायचा, वरण खाली पडायचं. बायको म्हणे, असेच जेवत राहिले तर रशियाले जाईपर्यंत उरान का तुम्ही.

संध्याकाळी पहिली पाळी करून आलो का मी अन् शेजारी त्या मधल्या भिंतीवर बसायचो. मी त्याले हासवायचो. म्हणायचो, मी तिथं पक्का हरवतो. बोर्ड वाचता येत नाही, बायकांच्या संडासात शिरतो, त्या मले धरून पोलिसात देतात, पोलीस विचारतात कुठून आला, मी हातानं सांगतो, उचल, थांब, डावीकडे. ते मले पार्सल करून, वर तिकिटं चिकटवून दुर्गच्या स्टेशनवर पाठवतात. साऱ्या देशाची इज्जत माह्यापायी जाते. तो हासून हासून डोळे पुसायचा. म्हणे, बस कर बे, पोट दुखून राहिलं.

एका संध्याकाळी हासणं झाल्यावर मी त्याले म्हटलं, खरं सांगू का, मले भेव वाटते. तो म्हणे, काहाचं? मी म्हटलं, साऱ्याचंच. मी त्याले सांगतलं, तू संग असता तर बरं झालं असतं. तो भिंतीवरचा पोपडा नखानं काढत बसला.

त्यानंतर आठेक दिवसांनी तो म्हणे, ऑफिसात विलिंगनेस द्यायची आहे. म्हणजे जायले राजी आहे असं आपल्या हातानं लिहून द्यायचं, सही करून. प्लांटात हे सारं कागदावर असते. प्रमोशन पाहिजे असन तर राजी म्हणून लिहून द्या, नको असन तर नाराजी लिहून द्या. तो म्हणे, मी लिहितो, तू सही कर. मी म्हटलं, बाप्पा, जोरदार लिही, साहेबाले नाही म्हणताच आलं नाही पाहिजे.

त्यानं त्याच्या घरी बसून लिहिलं, फुलस्केप कागद, खाली कार्बन. मले हिंदीत वाचून दाखवलं. महोदय, सविनय निवेदन है, वगैरे. मी देशाची सेवा करीन, मन लावून शिकीन, आपला आभारी राहीन. मले ऐकून एवढं बरं वाटलं का मी म्हटलं, देशाच्या सेवेचं अजून एकदा वाच. त्यानं अजून एकदा वाचलं. पहिल्यापेक्षा थोडं वेगळं वाचलं, पण मले वाटलं, शिकलेल्या लोकांचं तसं असते. मी सही केली. वरही, कार्बनच्या कागदावरही. सहीच्या खाली दोन रेघा मारल्या. मग घरी जाऊन बायकोले शिरा कराले लावला, अन् पहिली वाटी भिंतीवरून त्याले देली.

त्यानं खाल्ला. एवढं मले आठवते. त्यानं तो शिरा सारा खाल्ला.

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डवर मेडिकलची लिस्ट लागली. त्या दिवशी शेजाऱ्याची सुट्टी होती, म्हणून मी बाजूले उभ्या एका फिटरले म्हटलं, माहा चष्मा घरी राहिला, जरा पाहून सांग. चष्मा माह्याजवळ कधी नव्हताच. त्यानं वरून खालपर्यंत बोट फिरवलं अन् म्हणे, तुहं नाव नाही बे. मी म्हटलं, नीट पाह्य. त्यानं नीट पाहिलं. रिगर दोन. एक तो जुना, अन् एक माहा शेजारी.

मी ऑफिसात गेलो. बाबू चांगला माणूस होता. त्यानं फाईल काढली अन् माह्यासमोर कागद धरला. म्हणे, "दादा, तुम्हीच तर लिहून दिलं, जात नाही म्हणून. ही सही तुमचीच ना?"

सही माहीच होती. खाली दोन रेघा. एवढी चांगली सही मी त्याआधी कधी केली नव्हती.

मी म्हटलं, हव, माहीच आहे.

बाबू म्हणे, काही चूक झाली असन तर साहेबाशी बोला, अजून टाइम आहे. आता पाहा, साहेबाशी मी काय बोलणार होतो? का मले वाचता येत नाही, त्यानं मले फसवलं? मग साहेब पहिला प्रश्न कोणता विचारते? चौथी पास माणसाले हिंदीतला कागद कसा वाचता येत नाही? सतरा वर्षांची नोकरी त्या चौथीवर उभी होती. मी मग म्हटलं, नाही, चूक नाही. कार्बनची कापी भेटन का? घरी वाचाले. बाबूनं देली.

मी ती घरी आणली, अन् पेटीत, लग्नाच्या धोतराच्या घडीत ठेवली. बायकोले सांगतलं, मेडिकलमध्ये काढलं, छातीत काहीतरी निघालं. ती बिचारी मले सहा महिने मुळ्याचा रस पाजत राहिली. खोटं सांगायची शिक्षा मले अशी भेटते. दुसऱ्याले मेवा भेटला, मले मुळा.

शेजारी चार दिवस दिसला नाही. पाचव्या दिवशी आला. भिंतीवरून नाही, समोरच्या दारानं आला, पाव्हण्यासारखा. खाटेच्या काठावर बसला. म्हणे, तुहं मेडिकलचं ऐकलं, वाईट झालं गा. साहेबानं माहं नाव टाकलं, मी काय करू.

मी त्याच्याकडे पाहत होतो. मले वाटत होतं, आता सांगन, आता सांगन. तो म्हणे, "ती सल्ल्यांची कापी दे ना. तुले आता काय काम आहे तिचं."

मी देवाजवळून कापी उचलली अन् देली. त्याचीच तर होती, अक्षरं सारी त्याची. मग तो म्हणे, कोटही पडलाच असन ना तुहा. मी कोट देला. तो त्याले बरोबर बसला. आम्ही दोघंही एकाच मापाचे होतो. बरणी कशी बांधायची ते विचारलं, मी गाठ मारून दाखवली. मग त्यानं खिशातून पेन काढला अन् विचारलं, अजून काही राहिलं का गा?

तिथं माह्या डोक्यात सैतान शिरला. मी म्हटलं, हव, एक राहिलं. वेल्डरनं मले एकट्याले सांगतलं होतं. टिकल्या ने. त्यानं विचारलं, कसल्या टिकल्या? मी म्हटलं, बायका कपाळाले लावतात त्या. शंभर पाकिटं ने. मी मनात म्हटलं, कस्टमवाला पेटी उघडन, शंभर पाकिटं टिकल्या निघान, आन् याले विचारन, ह्या तू लावतो का? होऊ दे याचीही थोडी हासी. त्यानं लिहून घेतलं. शंभर. खाली एक रेघ मारली. याचं मले अजून नवल वाटते, का त्याचा माह्यावर भरवसा होता.

तो गेल्यावर बायको म्हणे, कोट कावून देला? मी म्हटलं, उन्हाळा आहे.

दुर्गच्या स्टेशनवर साऱ्या डिपार्टमेंटनं त्याले हार घातले. मीही घातला. माह्या हारात फुलं किती होती ते मी मोजून घेतलं होतं. सम होती. त्याले काही समजलं नाही, कापीतलं तो विसरला असन.

तो गेल्याच्या अठरा दिवसांनी रजिस्टरनं माहा पासपोर्ट आला, भोपाळहून. अर्ज आधीच गेला होता ना. निळा, नवा कोरा. फोटोत मी तो कोट घालून बसलो आहे अन् मे महिन्याचा घाम कपाळावर दिसते. पासपोर्ट कसा सांभाळायचा हे पोट्टे मले विचारतात तेव्हा मी छाती ठोकून सांगतो, का माह्या पासपोर्टले एक डाग नाही, एक शिक्का नाही. जसा आला तसा एक्स्पायर झाला.

सहा महिन्यांनी तो परत आला. लाल झाला होता, थोडा टरबुजासारखाच. सांगे, का कस्टमवाल्यानं पेटी उघडली, ती बाई होती. तिनं टिकल्या पाहिल्या अन् एक मागितली, कपाळाले लावली, अन् बाकी पेटी न पाहता याले सोडून देलं. मग जिथं राहिला तिथल्या साऱ्या बायका टिकल्या मागाले यायच्या. कोणी केक आणला, कोणी घरी जेवाले बोलावलं, एका म्हातारीनं स्वेटर विणून देला. साऱ्या बॅचमध्ये याच्याएवढा मान कोणाले नव्हता. माहे दोन्ही हात धरून म्हणे, बाकी साऱ्यांचे सल्ले एका बाजूले अन् तुहा एक, एका बाजूले. माह्यासाठी त्यानं कानावर पट्टे असलेली केसाळ टोपी आणली होती. म्हणजे मी बदला घ्याले गेलो, तर त्याचं कल्याण करून ठेवलं. यालेही अक्कल लागते.

टिकल्यांची गोष्ट साऱ्या सेक्टरमध्ये पसरली, अन् तेव्हापासून लोक मले विचाराले येऊन राहिले.

भिंतीवर बसणं मात्र बंद झालं. भांडण झालं नाही. मी रोज काहीतरी काम काढायचो. मले आलेली पत्रं मी त्याले देणं बंद केलं, तशीच ठेवून देली. तो विचारायचा, गावाकडचं काही आलं नाही का गा इतक्यात? मी म्हणायचो, नाही. पत्रं पेटीत साचत गेली. त्यात काय लिहिलं असन, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, मले काही माहीत नव्हतं.

मग माही पोट्टी शाळेत जाले लागली. संध्याकाळी ती अभ्यासाले बसायची, अन् मी तिच्या बाजूले बसायचो, तिचा अभ्यास घेतो असं सोंग करून. ती म्हणायची क, मी म्हणायचो, बरोबर आहे, अजून एकदा म्हण. ती पहिली पास झाली तेव्हा मी पण झालो. दुसरीत जोडाक्षरं आली तिथं मी मागं पडलो, ती पुढं गेली. एक दिवस म्हणे, बाबा, तुमाले येत नाही ना? मी म्हटलं, आईले सांगू नको. ती म्हणे, आईले माहीत आहे.

दुसरीच्या परीक्षेनंतर मी पेटी उघडली. गावाकडची पत्रं बाजूले ठेवली. आधी धोतराच्या घडीतला तो कार्बनचा कागद काढला अन् दाराजवळ उजेडात बसलो. निळी पुसट अक्षरं, गोल गोल. एक-एक अक्षर बोटाखाली धरून वाचलं, दुपार गेली त्यात. देशाची सेवा कुठंच नव्हती. लिहिलं होतं, "मुझे परदेस जाने से डर लगता है। मैं वहाँ रास्ता भूल जाऊँगा और मेरे कारण देश की हँसी होगी। अतः मेरा नाम काटने की कृपा करें।"

हे त्याचे शब्द नव्हते. माहे होते. भिंतीवर बसून मीच त्याले पुरवले होते, रोज थोडे थोडे. त्याले एक ओळही मनानं जोडा लागली नव्हती. जायची संधी गेली ते मी तोपर्यंत गिळलं होतं. पण ते भेव वाटते म्हटलेलं मी बायकोलेही सांगतलं नव्हतं. ते त्यानं साहेबाच्या फाईलीत लावलं, माह्या सहीनं.

कागद मी परत ठेवून देला. बोललो काही नाही. बोलायचं तर काय, का मले वाचता याले लागलं?

वर्षं गेली. माही रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती, तेव्हा त्याचा पोरगा इंजिनियर होऊन अमेरिकेले निघाला. शेजारी त्याले घेऊन माह्याकडे आला. म्हणे, याले सांग काय काय न्यायचं, तुह्याएवढं कोणाले माहीत नाही. पोरगा वही घेऊन बसला. बाप त्याच खाटेच्या त्याच काठावर. बायकोनं चहा ठेवला.

मी पायमोज्यापासून सुरुवात केली. पत्त्याची चिठ्ठी, घरचा फोटो, बरणीची गाठ, सारं सांगतलं. खोटं एकही नाही सांगतलं, मागचा अनुभव होता. पोरगा हिंदीत लिहून राहिला होता, मराठी त्याले घरात बोलण्यापुरतीच. शेवटी म्हणे, "काका, और कुछ?"

मी म्हटलं, "हव. कोणताही कागद स्वतः वाचल्याबिगर सही करायची नाही. आन् जो आपले कागद लिहून देते, त्याच्यासमोर आपलीच गंमत करायची नाही. तो लिहून घेते."

पोरगा हासला. त्याले वाटलं, काका आहेतच तसे. बाप हासला नाही. त्यानं कप खाली ठेवला.

"कधी वाचलं?" तो म्हणे.

"पोट्टी दुसरीत होती तेव्हा."

तो खाली पाहत बसला. पोरगा एकदा त्याच्याकडे पाहे, एकदा माह्याकडे. मग बाप हळूच म्हणे, "मी शाळेचं नाही लिहिलं गा त्यात. तुले वाचता येत नाही, हे नाही लिहिलं."

ते खरं होतं. ते लिहिलं असतं तर त्याच दिवशी माही नोकरी गेली असती. ते सोडून त्यानं सारं लिहिलं होतं. कागद लिहिताना तो तिथं थांबला असन, विचार केला असन, अन् ते एक बाजूले ठेवलं असन. आता याचं मी काय करावं? उपकार म्हणावं?

मी म्हटलं, "हव. नाही लिहिलं."

पोरगा माह्या पाया पडला, तो चांगला पोरगा आहे. दोघं समोरच्या दारानं गेले. त्याचा चहा अर्धा तसाच होता, वर साय धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंगणात आलो तर मधल्या भिंतीवर कोट होता. घडी करून ठेवलेला, कितीतरी वर्षांचा. कॉलरले कसर लागली होती, एक खिसा उसवला होता. तिकडून भांड्यांचा आवाज येऊन राहिला होता, पण कोणी बाहेर आलं नाही.

बायको म्हणे, आता आलाच आहे तर घालून तर पाहा.

मे महिनाच होता. मी घातला. हात गेले, खांदेही बसले. पोटावर बटन लागलं नाही.